गाडी धुवा, घासू नका



या मालिकेत माझ्याआधी मोठमोठ्या विषयांवर लोक बोलून गेले. आयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "गाडी धुण्यावर." पलीकडे क्षणभर शांतता. फौजेत आयुष्य घालवलेला माणूस सीमेवरचे अनुभव सांगेल, शिस्तीवर बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. पण सीमेवरचं सांगणारे पुष्कळ आहेत. आणि शिस्तीचं म्हणाल, तर ती माझ्याच अंगणात एका निळ्या गाडीनं मला पुन्हा शिकवली. त्यात एका मुलाचं नुकसान झालं, ते माझ्या हातून झालं. तेही आज सांगणार आहे. आधी गाडी, मग तो मुलगा.

मी निवृत्तीनंतर जयपूरला राहतो. समोर बसलेल्यांपैकी कुणी बडोद्याचे, कुणी इंदूरचे, कुणी बेंगळुरू-हैदराबादचे असतील. गावं निराळी, पण सकाळचं दृश्य सगळीकडे एकच. पार्किंगमध्ये एक मुलगा, त्याच्या हातात एक बादली आणि एक फडका, आणि समोर गाड्यांची रांग. नाही तर रविवारी आपण स्वतः, जुना बनियन घेऊन, जोर लावून बॉनेट चमकवतोय. दोन्ही दृश्यांत गाडी स्वच्छ होते आणि दोन्हींत तिचा रंग जातो. कसा, ते बघू.

मोबाइलचा टॉर्च लावा आणि रात्री आपल्या गाडीच्या बॉनेटवर धरा. गडद रंगाची गाडी असेल तर लगेच दिसेल. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा. बघणारा म्हणतो, "धुणाऱ्यानं गोल गोल हात फिरवलाय." तसं नसतं. घरी जेवणाचं स्टीलचं ताट घ्या, रोज घासणीनं घासलेलं, आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळं दिसतील. आता ताट हलवा. वर्तुळंही सरकतात, बल्बच्या मागे मागे जातात. म्हणजे वर्तुळं ताटावर नाहीत. ताटावर सगळ्या दिशांनी हजारो बारीक रेघा आहेत, आणि त्यांपैकी ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल दिसतं. गाडीचंही तेच. रेघा सगळीकडे आहेत, आपल्याला त्यांचा एक भाग दिसतो.

या रेघा कशात पडतात? आजच्या गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. वर्तमानपत्राचा एक कागद हातात घ्या, तो याहून जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी कागदापेक्षा पातळ अशा पापुद्र्यावर उभी आहे. आपण रोज फडका फिरवतो तो या पापुद्र्यावर.

माझ्या वडिलांच्या पिढीत असं नव्हतं. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीला रंग होता तो वरपासून खालपर्यंत रंगच होता. पॉलिश घासलं की फडक्याला रंग लागायचा, खालचा ताजा रंग वर यायचा, आणि वडील खूश व्हायचे. "जितकं घासाल तितकी चमकेल" ही समजूत तिथून आली. त्या गाड्यांसाठी ती काही प्रमाणात खरीही होती. गाड्या बदलल्या, समजूत राहिली.

आता दुसरा पक्ष, धूळ. शाळेत मोजची मोजपट्टी शिकला असाल. फ्रीडरिश मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाचा क्रम लावला. सर्वांत मऊ शंखजिरं, म्हणजे टाल्क, १ वर. हिरा १० वर. आपलं नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे वाळूचा कण काचेवरही रेघ ओढू शकतो. गाडीचा पारदर्शक थर तर काचेपेक्षा कितीतरी मऊ आहे, एक प्रकारचं प्लास्टिकच ते. आमच्याकडे मे महिन्यात आंधी येते. दुपारी आकाश पिवळं होतं, आणि तासाभरात गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. त्या धुळीत क्वार्ट्झ भरपूर. त्यावर कोरडा फडका फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. फरक इतकाच की पॉलिश पेपर आपण दुकानातून आणतो, हा आभाळातून येतो.

एवढं कळलं की गाडी धुण्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात बसतं. पाण्यानं रंग खराब होत नाही, साबणानंही सहसा होत नाही. कण आणि रंग यांच्यामध्ये दाब आला की रेघ पडते. म्हणून कण आधी सुटले पाहिजेत, सुटलेले कण परत गाडीवर येता कामा नयेत, आणि हाताचा दाब कमीत कमी असला पाहिजे. बाकी सगळं याचाच तपशील.

तो तपशील आता क्रमानं सांगतो. फौजी माणूस आहे, क्रम चुकला की मला चैन पडत नाही.

पहिलं, वेळ आणि जागा. गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड हवा. बॉनेटवर हाताची उलटी बाजू ठेवून बघा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो, पाणी वाळतं आणि डाग पडतात. भल्या सकाळी नाही तर संध्याकाळी धुवा. उत्तरेकडच्यांना थंडीतला एक मोह सांगतो. पहाटे गाडीवर दव असतं, वाटतं पाणी तर आहेच, फडका मारून टाकू. ते पाणी नाही, तो पातळ चिखल आहे. हात लावू नका.

दुसरं, सामान. दोन बादल्या, आणि चाकांसाठी तिसरी एक छोटी. मायक्रोफायबरचा हातमोजा. स्पंज नको. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो, कण त्याच्या आणि रंगाच्या मध्ये अडकून घासत जातात. मोज्याला लांब मऊ लोकर असते, कण त्या लोकरीच्या आत शिरतात आणि रंगापासून दूर राहतात. गाडीचा शाम्पू घ्या. भांड्यांचा साबण तूप-तेल काढण्यासाठी बनवलेला असतो, तो गाडीवरचं मेणही काढतो. कपड्यांची पावडर तर त्याहून तिखट, आणि नीट विरघळली नाही तर तिचे खडे हातात येतात. शाम्पूचं एक काम मळ सोडवणं, पण त्याहून मोठं काम म्हणजे बुळबुळीतपणा, मोजा रंगावरून घसरला पाहिजे. शिवाय पुसायला दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल. सगळं मिळून एका सर्व्हिसिंगच्या बिलाच्या आत बसतं.

तिसरं, चाकं आधी. ब्रेक लागतात तेव्हा पॅड आणि डिस्क झिजून धातूची बारीक भुकटी उडते आणि चाकावर बसते. गाडीवरची सगळ्यात वाईट घाण तीच. ती शेवटी धुतली तर तिचे शिंतोडे धुतलेल्या गाडीवर. चाकांची बादली वेगळी, कापड वेगळं, ब्रश वेगळा. ते कापड आयुष्यात कधी बॉनेटवर जायचं नाही.

चौथं, आणि माझ्या मते हेच मुख्य, हात न लावता पाणी. टपापासून खाली, भरपूर, पण शांतपणे. पाणी मारलं की लगेच मोजा घेऊन धावू नका. पाच मिनिटं थांबा, घाण फुगू द्या, मग पुन्हा पाणी. धुळीचा मोठा भाग इथेच, तुमचा हात लागण्याआधी, खाली उतरतो. पक्ष्यांची विष्ठा किंवा चिकट डाग असेल तर नखानं खरवडू नका. ओलं कापड त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मग उचलून घ्या. आणि ती विष्ठा रविवारपर्यंत ठेवू नका. उन्हात ती रंगाच्या वरच्या थरात कायमचा डाग पाडते.

पाचवं, दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवा, एका दरवाज्यावरून फिरवा, मग तो परत शाम्पूत नाही, आधी साध्या पाण्यात. तिथे खळखळून घाण सोडा, पिळा, आणि मग शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवा. तयार मिळते, नाही तर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची जुनी चाळण पालथी घाला, घरात विचारून. कण जाळीखाली जातात आणि वर येत नाहीत. गाडी धुऊन झाल्यावर दोन्ही बादल्यांचा तळ बघा. साध्या पाण्याच्या तळाशी जी वाळू दिसेल, ती एकच बादली वापरली असती तर तुम्ही स्वतःच्या हातानं गाडीवर घासली असती. मी पहिल्यांदा तो तळ बघितला तेव्हा बराच वेळ तिथेच उभा होतो. का, ते पुढे सांगतो.

सहावं, वरून खाली. टप, काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, डिकी, आणि सगळ्यात शेवटी दरवाज्यांचा खालचा पट्टा आणि बंपर. रस्त्यावरची खडी-माती खालीच असते. शक्य असेल तर त्या खालच्या भागासाठी दुसरा मोजा ठेवा. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. सरळ हातानं रेघा पडत नाहीत असं नाही, पण चुकून पडलीच तर ती एका बाजूनं बघितल्यावरच दिसते, सगळीकडून नाही. आणि दाब किती? मोज्याच्या स्वतःच्या वजनाइतका. हात फक्त दिशा दाखवायला. जोर लावावा असं वाटलं, तर समजा की तिथे अजून पाणी आणि वेळ हवाय.

सातवं, मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो संपला. झटकून परत वापरायचा नाही. आमच्याकडे रायफल जमिनीवर पडली तर साफ केल्याशिवाय पुढे जायचं नाही, तसंच.

आठवं, पुसणं. पुष्कळ लोक इथपर्यंत सगळं बरोबर करतात आणि इथे घात करतात. साबण धुऊन काढताना शेवटी नळीचं तोंड मोकळं सोडा, फवारा नको. पाण्याची सलग चादर टपावरून खाली उतरू द्या, बरंचसं पाणी सोबत घेऊन जाते. मग टॉवेल पसरा आणि टिपा, किंवा दोन कोपरे धरून अलगद ओढा. रगडायचं नाही. आणि आपोआप वाळायलाही सोडायचं नाही. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. गीझरच्या कॉइलवर जो थर बसतो, तोच.

नववं, कपडे. मायक्रोफायबर घरच्या सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सुताचे धागे त्यात अडकतात. पातळ डिटर्जंटमध्ये वेगळं धुवा, कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, कारण ते धागे चोंदवतं. सावलीत वाळवा आणि बंद डब्यात ठेवा. गॅलरीत दोरीवर आठ दिवस लटकलेला टॉवेल धूळ पुसायचा नसतो, धूळ लावायचा झालेला असतो.

आता पाण्याचं. तुम्ही म्हणाल, कर्नल, आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही भरपूर पाणी मारा म्हणता. बरोबर आहे. बेंगळुरूकरांना आठवत असेल, मार्च २०२४ मध्ये तिथल्या जल मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५००० रुपये दंड ठेवला. म्हणून मी एकदा मोजून बघितलं. माझ्या नळीखाली १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे नळी २० मिनिटं चालू ठेवली तर २४० लिटर. आता मी नळी वापरत नाही. झाडांना औषध मारायचा हातानं दाबायचा फवारणी पंप आणलाय, आठ लिटरचा. दोन पंपांत आधीचं भिजवणं होतं, दोन पंपांत शेवटचं धुणं, आणि दोन बादल्या मधे. सगळं मिळून साधारण ६० लिटर. झाडांजवळ गाडी लावतो, म्हणजे साबणाआधीचं पाणी तरी मुळांना जातं.

त्याहून कमी पाणी असेल तर न खळबळता वापरायची द्रवं मिळतात. बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं, ते कणांना वेढून निसरडं करतं. त्यात आठ-दहा कापडं भिजवायची, एका भागाला एक कापड, घड्या घालून प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू, आणि वापरलेलं कापड परत बादलीत नाही. एका बादलीत गाडी होते. पण अट अशी की गाडीवर नुसती धूळ असावी. चिखल असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कोकण-गोव्याकडचे कुणी ऐकत असतील तर तुमचं दुखणं वेगळं. खारी हवा आणि तांबडी माती. तिथे रंगाइतकीच खालच्या पत्र्याची काळजी करा, चाकांच्या वरच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली गोडं पाणी नियमित मारा. आणि सगळ्यांसाठी एक, धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर रात्रभर हलतं, आणि आपण झोपलेलो असताना ते गाडी घासत बसतं.

हे सगळं मला कधी कळलं? फौजेत नाही, हे कबूल करतो. फौजेत गाड्या धुण्यात मी आयुष्य घालवलं म्हणा ना. मेंटेनन्स परेड, वॉशिंग पॉइंट, जिप्सी, ट्रक, सगळं. पण फौजेची गाडी मॅट हिरवी. ती चमकू नये म्हणूनच तसा रंग असतो, चमकली तर दुरून दिसेल. त्या रंगावर ओरखडा कळत नाही. आमचे जवान काथ्याच्या ब्रशनं घासायचे, आणि मी इन्स्पेक्शनला चिखल आहे की नाही एवढंच बघायचो. निवृत्तीनंतर गडद निळी, उंच, मोठी गाडी घेतली तेव्हा माझं गाडी धुण्याचं ज्ञान हे एवढंच होतं.

आमच्या कॉलनीत गाड्या पुसायला एक मुलगा यायचा. वय असेल अठरा-एकोणीस, चणीनं बुटका, भरतपूरकडचा. पहाटे पाच ते आठ, अठ्ठावीस गाड्या. गाडीमागे महिना चारशे रुपये. दीड-दोन वर्षांनी एका दिवाळीत, संध्याकाळच्या उजेडात, मला माझ्या गाडीवर ते जाळं दिसलं. मी तापलो. दुसऱ्या दिवशी त्याला चार लोकांसमोर उभा केला आणि म्हटलं, "ये तूने किया है." तो म्हणाला, "साहब, मैं तो..." आणि मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. आवाज माझा मोठा आहे, तुम्हाला कळलंच असेल. कमिटीत तक्रार केली. कमिटीचा मीही एक सदस्य होतो. आठवड्याभरात त्याला कॉलनीत यायची बंदी झाली.

त्यानंतर मी गाडी स्वतः धुऊ लागलो. एक बादली, एक स्पंज, भांड्यांचा साबण आणि भरपूर जोर. आणि रोज संध्याकाळी बाहेर पडताना लांब दांड्याचा झुपकेदार डस्टर कोरडाच फिरवायचो, टपावरसुद्धा. ते तर मी पहिल्या दिवसापासून करत होतो. पाच-सहा महिन्यांनी जाळं कमी व्हायच्याऐवजी वाढलेलं. मग रंगकाम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो, पॉलिश करून घ्यावं म्हणून.

त्यानं दिवा लावून सगळी गाडी बघितली. आधी नख फिरवलं. नख अडकलं तर ओरखडा खोल, पॉलिशनं जाणार नाही. नख अडकलं नाही तर वरवरचा. माझे वरवरचेच होते. तो म्हणाला, पॉलिश म्हणजे वरचा थर थोडा खरवडून सपाट करणं. दर वेळी काही मायक्रॉन जातात, म्हणून हे दरवर्षी करायचं काम नाही. मग तो पायरीवर चढला, टपाच्या मध्यावर दिवा धरला आणि विचारलं, "सर, सबसे ज़्यादा तो यहाँ है. छत कौन साफ करता है?"

मंडळी, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मुलाचा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचतच नव्हता. तो कडेकडेनं पुसायचा, आणि मीच त्यावरून त्याला बोललोही होतो. टपाच्या मध्यावर हात फिरला होता तो फक्त माझा. माझाच डस्टर.

दरवाज्यांवरच्या काही रेघा त्याच्या फडक्याच्या असतील, नसतील असं मी म्हणत नाही. पण मी त्याला ऐकलं नाही. फौजेत आमच्याकडे आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम १८० आहे. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ज्या माणसाच्या चारित्र्यावर किंवा लौकिकावर आच येण्याचा संभव असेल, त्याला चौकशीभर हजर राहण्याची, स्वतःची बाजू मांडण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची पूर्ण संधी द्यावीच लागते. मी अशा चौकशा चालवल्या आहेत. त्यात एका शिपायाची संधी कुणी डावलली असती, तर मी ती कागदपत्रं परत पाठवली असती. आणि इथे, दारातल्या मुलाला मी दोन शब्द बोलू दिले नाहीत.

मी त्याला शोधला. आमच्या चौकीदाराकडे त्याच्या भावाचा नंबर होता. तो एका पेट्रोल पंपावर काम करत होता. मी गाडीतून उतरलो, त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, माझी चूक झाली. तो थोडा घाबरलाच, आधी त्याला कळेचना मी पुन्हा कशासाठी आलोय. मग मी विचारलं, त्या दिवशी तू काय सांगत होतास? तो म्हणाला, "साहब, मैं कह रहा था कि पानी एक ही बाल्टी मिलता है. अट्ठाईस गाड़ी में."

हा नियम आमच्या कमिटीचा होता. टाकीचं पाणी वाचवायला सफाईवाल्याला सकाळी एक बादली. त्या ठरावावर माझी सही आहे. आता मी त्या दोन बादल्यांच्या तळाशी बघून का उभा राहिलो होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. एका गाडीची इतकी वाळू. तो मुलगा अठ्ठावीस गाड्यांची वाळू त्याच एका बादलीत घेऊन फिरत होता, कारण आम्ही त्याला दुसरी दिली नव्हती.

तो परत आला नाही. म्हणाला, "यहाँ महीना बँधा हुआ है." बरोबरच होतं त्याचं. निघताना एवढंच म्हणाला की आता जो मुलगा येतो त्याला पाणी मिळवून द्या. ते मी केलं. कमिटीत तीन बैठका लागल्या. शेवटी ठरलं ते असं. रोज पुसणं बंद, आठवड्यातून दोनदा ओलं धुणं, पैसे तेवढेच. रोज पाच गाड्यांना न खळबळता धुणारं द्रव, प्रत्येक गाडीची कापडं त्या मालकानं द्यायची आणि त्यानंच धुवायची. अठ्ठावीसपैकी अकरा घरं तयार झाली. बाकीच्यांना अजून रोज सकाळी फडका फिरलेला दिसायला हवा. त्यांच्याशी मी भांडत नाही. रात्री टॉर्च घेऊन त्यांना त्यांचीच गाडी दाखवतो. दोन घरं तशीच वाढली आहेत.

तेव्हा घरी जाऊन तीन गोष्टी करा. आज रात्री टॉर्च लावून गाडी बघा. कोरडा डस्टर आणि कोरडा फडका गाडीतून काढून टाका. आणि तुमची गाडी कुणी दुसरं धूत असेल, तर त्याच्यावर ओरडायच्या आधी त्याला विचारा, तुला पाणी किती मिळतं, कापडं किती मिळतात. उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

माझ्या गाडीच्या टपावर त्या रेघा अजून आहेत. बाकीच्या गाडीला पॉलिश करून घेतलं, टप तसाच ठेवला. उंच असल्यामुळे कुणाला दिसत नाही. दर रविवारी पायरीवर चढून धुतो तेव्हा मला दिसतात, तेवढं पुरे आहे.